बदनाम लढाऊ विमानांचं कपाट : मॉडेलं, अपघातांचे आकडे आणि नागपूरचा उन्हाळा

बर्डीकर
नमस्कार मंडळी. अपघातांमुळे नाव खराब झालेल्या लढाऊ विमानांचा एक वेगळा कप्पा करायचा आहे. मिग-२१, एफ-१०४ स्टारफायटर, सी हॅरियर, जॅग्वार आणि सोबत तुलनेला तेजस. प्रत्येकापुढे छोटं माहितीकार्ड. विचारायचं ते असं:
१) स्केल कोणतं घ्यावं? कपाटाची फळी ९० सेंमी लांब, ३० सेंमी खोल आहे.
२) डायकास्ट (ओतीव धातूचं तयार मॉडेल) की प्लास्टिक किट (सुटे भाग, आपणच जोडायचे)?
३) कार्डावर अपघातांचा आकडा कसा लिहावा? जो तो वेगळाच आकडा सांगतो.
घर पश्चिमेला तोंड करून आहे, तेही लक्षात घ्या.

स्प्रू_कटर
फळी ३० सेंमी खोल असेल तर डोळे झाकून १/७२, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. मापं मिलिमीटरमध्ये, लांबी आणि पंखांचा विस्तार:
मिग-२१बिस – पिटो नळीसकट (नाकापुढची वेग मोजायची नळी) साधारण २२०, पंख ९९
एफ-१०४जी – २३१, पंख ९२
जॅग्वार – २३४, पंख १२१
सी हॅरियर – २०१, पंख १०७
तेजस – १८३, पंख ११४
पाचही शेजारी शेजारी सहज मावतात आणि पुढे कार्डाला साडेसहा सेंमी उरतात. पुढेमागे सुखोई-३० घ्यायचा विचार असेल तर त्याची लांबी याच स्केलमध्ये ३०५ भरते, म्हणजे विमान तिरकं ठेवावं लागेल. १/४८ मध्ये मिगचे पंख १४९ होतात. कॉकपिटचं काम करायला मजा येते, पण पाच विमानांना दोन फळ्या लागतील.

डायकास्ट की किट याचं उत्तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नात आहे. डायकास्टवर रंग, क्रमांक, स्क्वाड्रन सगळं ठरलेलं असतं. विशिष्ट देशाचं, विशिष्ट काळातलं, विशिष्ट उपप्रकाराचं विमान हवं असेल आणि ते बाजारात नसेल, तर किटला पर्याय नाही. मिग-२१ साठी १/७२ आणि १/४८ दोन्हींत एडुआर्डचं किट माझ्या मते सर्वांत अचूक. झ्वेझ्दाचं १/७२ मिग-२१बिस त्याहून सोपं आणि पहिल्या बांधणीला बरं. स्टारफायटरसाठी हासेगावा.

मागवण्याआधी कस्टम्सचा चालू दर बघून घ्या. स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात. तिथला मूळ दर २०२० साली २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७०. किटची किंमत बघून हुरळून जाऊ नका, हातात पडेपर्यंतचा हिशेब करा. रंग आणि थिनर विमानाने येणाऱ्या टपालात चालत नाहीत, ते देशातच शोधा.

सोनेगाव_रनवे
तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण कपाटाचा जीव त्यातच आहे.

"किती पडली" हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या खाली भाजक लागतो. हवाई दलं तो उड्डाणाच्या तासांत मोजतात, आपल्याकडे दर १०,००० तासांना, अमेरिकेत दर १,००,००० तासांना. हे दोन दर शेजारी लिहिताना दहाने गुणायचं राहून गेलं की तुलना फसते. असे तक्ते इंटरनेटवर ढिगाने आहेत.

स्टारफायटरचं उदाहरण घ्या. पश्चिम जर्मनीने ९१६ विमानं घेतली, त्यांतली २९२ अपघातांत गेली, ११६ वैमानिक मेले. जर्मन वर्तमानपत्रांनी त्याला 'विधवा करणारं' असं नाव पाडलं. कॅनडाने २३५ पैकी सुमारे ११० गमावली, म्हणजे प्रमाण जर्मनीहूनही वाईट. आता स्पेन बघा. १९६५ ते १९७२ मध्ये २१ विमानं वापरली आणि अपघातात एकही गेलं नाही.

विमान तेच, मग फरक कशाचा? स्पेनने त्याला ज्या कामासाठी ते जन्मलं तेच दिलं, स्वच्छ आकाशात उंचावर जाऊन शत्रूचं विमान अडवणं. जर्मनीने आणि कॅनडाने त्यावर बॉम्ब लादून जमिनीलगत, ढगाळ हवेत, प्रचंड वेगाने उडवलं. जर्मन वैमानिकांचं प्रशिक्षण ॲरिझोनाच्या निरभ्र आकाशात झालं आणि नोकरी उत्तर युरोपच्या धुक्यात. ताफा भराभर वाढवला, तंत्रज्ञ कमी पडले. १९६६ मध्ये योहानेस श्टाइनहॉफ जर्मन हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात प्रशिक्षण आणि देखभाल कडक झाली, लॉकहीडची इजेक्शन सीट काढून मार्टिन-बेकरची बसवली गेली, आणि आकडे उतरले.

म्हणून कार्डाचं शीर्षक नुसतं "एफ-१०४" असू नये. "एफ-१०४जी, पश्चिम जर्मनी, बॉम्बफेकी भूमिका" असं लिहा. बदनामी विमानाच्या नावाला चिकटते, पण घडते ती एका देशात, एका कामावर, ठराविक वर्षांत.

धंतोली_७२
सोनेगाव, हे युक्तिवाद मिगच्या बाबतीतही कायम ऐकू येतात: विमान चांगलं होतं, वापर चुकला. मला पटत नाही. अमेरिकेच्या हवाई दलातही स्टारफायटरचा गंभीर अपघातांचा दर १९७७ पर्यंत दर लाख तासांना २६.७ होता, त्यांच्या सेंच्युरी मालिकेतल्या (एफ-१०० आणि पुढच्या क्रमांकांच्या) सगळ्या लढाऊ विमानांत सर्वाधिक. त्याच काळातलं एफ-१०२ साधारण १४ वर होतं. तिथे तर धुकं, घाई, कमी तंत्रज्ञ ही कारणं नव्हती. एवढासा पंख, इंजिन एक, ते बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली. रचनेतच धोका होता आणि कार्डावर तोही आला पाहिजे.

सोनेगाव_रनवे
बरोबर आहे. रचनेचा धोका मी नाकारत नाही. स्टारफायटरच्या फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) इंजिनातली हवा सोडून उचल वाढवलेली असते, त्यामुळे उतरतानाही इंजिनाचा जोर ठेवावाच लागतो. जोर गेला की उचलही जाते. सुरुवातीच्या एफ-१०४ए मध्ये इजेक्शन सीट वैमानिकाला खालच्या दिशेने फेकायची, म्हणजे टेकऑफच्या वेळी ती जवळजवळ निरुपयोगी.

पण रचना दोन्हीकडे सारखीच असताना स्पेनचा आकडा शून्य आणि जर्मनीचा २९२ कसा, याचं उत्तर एकट्या रचनेतून मिळत नाही. स्पेनचे एकूण तास थोडे होते हेही खरं, म्हणून शून्याचाही फार गाजावाजा करू नये. कार्डावर दोन ओळी द्या: रचनेतला धोका एक, वापरातला धोका दुसरी.

विमानवेडी
बर्डीकर दादा, मिगचं कार्ड लिहिण्याआधी मिग कोणता ते ठरवा. आपल्याकडे १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत जे उडलं ते एकच विमान नव्हतं. किट उघडण्याआधी या खुणा बघा:

मिग-२१एफएल, म्हणजे आपलं टाइप ७७. पाठीचा कणा बारीक, प्रत्येक पंखाखाली एकच पायलॉन (शस्त्रं अडकवायचा खांब), आत तोफ नाही. पिटो नळी नाकाच्या वर बरोबर मध्यभागी. ब्रेक पॅराशूटचं नळकांडं शेपटीच्या बुडाशी. नाशिकच्या ओझरला एचएएलने सर्वांत आधी बांधलेलं हेच. ११ डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याहून निवृत्त.

मिग-२१एम, टाइप ९६. पंखांखाली एकूण चार पायलॉन, पोटाखाली दुनळी तोफ, पिटो नळी मध्यापासून उजवीकडे सरकलेली.

मिग-२१बिस, टाइप ७५. कणा जाड, कारण त्यात इंधन.

बायसन म्हणजे बिसचंच अद्ययावत रूप. इथे बहुतेकांची गफलत होते. बायसनची पुढची काच अखंड, वळणदार, मधल्या पट्ट्यांशिवाय असते. साध्या बिसच्या किटमधली चौकटवाली काच लावून बायसनचे डिकल (पाण्यात भिजवून लावायची खुणांची चित्रं) चिकटवले की ते विमान चुकीचं. वेगळी काच मिळत नसेल तर सरळ बिसच करा.

आणि तुमच्या विषयाशी थेट नातं असलेली खूण म्हणजे कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाची, बिजागरी. एफएलची कॅनॉपी पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडते, कारण त्यातली एसके सीट बाहेर पडताना कॅनॉपीच वैमानिकापुढे ढाल म्हणून घेऊन जाते. पुढच्या एम, बिस वगैरेंत केएम-१ सीट आहे आणि कॅनॉपी उजव्या बाजूला उघडते. केएम-१एम सीट जमिनीवरूनही सुटते, पण विमानाला ताशी सुमारे १३० किमी वेग हवा. उघडी कॅनॉपी दाखवणार असाल तर ती कोणत्या दिशेला उघडते यावरूनच जाणकाराला कळेल, वैमानिकाच्या हाती सुटकेची कोणती सोय होती ते.

धंतोली_७२
मिगच्या आकड्याबद्दल: २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेलं उत्तर सगळे वापरतात. ८७२ पैकी ४८२ विमानांना १९ एप्रिल २०१२ पर्यंत अपघात, त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर ८ जणांचा मृत्यू. मी तेच लिहिलं असतं.

सोनेगाव_रनवे
जरूर लिहा, पण आकडा १९७१-७२ पासूनचा आहे आणि तिथे शब्द "मिग विमाने" असा आहे हे जोडून. बातम्यांत त्याचं सर्रास "मिग-२१" होतं. शिवाय तो चाळीस वर्षांचा आहे, सरासरी वर्षाला १२. त्यात उड्डाणाचे तास नाहीत. जर्मनीचे ३२ टक्के आणि आपले ५५ टक्के असं शेजारी मांडून निकाल लावता येत नाही, कारण दोन्हीकडे वर्षं वेगळी, तास वेगळे.

कारणांत प्रशिक्षणाची ओळ वगळू नका. किरणसारख्या, ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या ट्रेनरवरून उठून पोरं थेट मिग-२१ वर जायची, ज्याचा उतरतानाचा वेग ताशी ३०० किमीच्या पुढे. मधली पायरीच नव्हती. लढाऊ विमानांच्या अपघातांची कारणं तपासणाऱ्या १९८२ च्या ला फोंतेन समितीपासून प्रगत जेट ट्रेनरची मागणी कागदावर होती. ६६ हॉक ट्रेनरचा करार झाला २००४ मध्ये, विमानं बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. एवढी वर्षं गेली. मिगच्या कार्डावर ही तीन सालं यायलाच हवीत असं माझं ठाम मत आहे.

बर्डीकर
सर्वांचे आभार. मिग-२१एफएल आणि जर्मन एफ-१०४जी ठरलं. आता बांधणीबद्दल सांगा. मे महिन्यात काम करावं का? खोलीत डेझर्ट कूलर आहे.

स्प्रू_कटर
मे मध्ये कापणं, चिकटवणं, घासणं खुशाल करा. स्प्रेचं काम मात्र पहाटे ५ ते ७. पारा ४५ च्या आसपास असताना ॲक्रिलिक रंग नोझलपासून विमानापर्यंत जाईतो हवेतच सुकतो आणि पृष्ठभागावर रांगोळीसारखा बसतो. बोट फिरवलं की खरखर. उपाय: ०.३ मिमी नोझल, १५ ते १८ पीएसआय, रंगाच्या दीडपट थिनर, त्यात रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य) एक-दोन थेंब, आणि अंतर ५ ते ७ सेंमी. सुई दर दोन-तीन मिनिटांनी थिनरच्या ब्रशने पुसा, टोकाला सुकलेला रंग साचतोच.

कूलर चालू असलेल्या खोलीत फवारणी नको. कूलरची हवा ओली, सोबत वाळ्याची किंवा लाकडी लोकरीची बारीक कुसळं. लॅकर रंगावर त्या ओलाव्याने पांढरट धुकं धरतं. पंखाही बंद ठेवा. रंग झाला की मॉडेलवर प्लास्टिकचा डबा पालथा घाला, अर्धा तास हात लावू नका. पावसाळ्यातही लॅकर टाळाच.

एनसी थिनर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात स्वस्त मिळतं. एअरब्रश धुवायला उत्तम, पण मॉडेलला लावू नका, पॉलिस्टायरीन विरघळतं. स्प्रे कॅनमधला गाडीचा प्रायमर वापरायचा तर आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या चौकटीला जोडून येतात ती) तुकड्यावर मारून रात्रभर ठेवा. पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा आल्या तर तो कॅन बाजूला.

डिकलसाठी नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. क्षार सुकले की पारदर्शक कडेभोवती पांढरी रेघ उरते. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, कोमट करा, डिकल २० सेकंद बुडवून बाहेर ठेवा, कागदावरून आपोआप सरकला की उचला. खाली ग्लॉस वार्निश हवंच. मॅट रंगावर डिकल लावला तर खाली हवा अडकून तो चंदेरी दिसतो, आणि तिरंगी वर्तुळात तर पांढऱ्या भागापेक्षा तेच आधी नजरेत भरतं.

विमानवेडी
चिकटवण्यातल्या दोन गोष्टी मी जोडते.

कॅनॉपीला फेविक्विक कधीच नको. त्याची वाफ काचेवर आतून पांढरी साय धरते आणि कॅनॉपी बंद असेल तर पुसताही येत नाही. पांढरा फेविकॉल टूथपिकने कडेला लावा, जादा झाला तर ओल्या कानकाडीने पुसला जातो.

नाकातलं वजन. मिगचं नाक पोकळ आणि शेपूट जड, त्यामुळे मॉडेल मागे बसू शकतं. धडाचे दोन्ही अर्धे, पंख, शेपटी टेपने तात्पुरते जोडा, मुख्य चाकांच्या रेषेखाली पेन्सिल आडवी ठेवा, आणि विमान पुढे झुकेपर्यंत नाकावर शिशाचे तुकडे ठेवत जा. त्यावर १ ग्रॅम जास्त धरा. मासेमारीचं शिसं किंवा टायरवाल्याकडचं शिशाचं बॅलन्सिंग वजन चालतं. हे शिसं शंकूच्या आत एम-सीलने बसवा. फेविकॉलने बसवलं तर शिसं हळूहळू खराब होऊन पांढरी भुकटी फुगते आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा उकलतो. बाहेरून लक्षण दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं.

मेडिकल_चौक
पिटो नळीबद्दल कोणी लिहिलं नाही. किटमधली प्लास्टिकची नळी मोडणारच, धूळ झटकतानाच मोडते. मेडिकल दुकानातून २१ आणि २६ गेजच्या सुया घ्या. २१ गेजचा बाहेरचा व्यास ०.८२ मिमी, आतला ०.५१. २६ गेजचा बाहेरचा ०.४६. म्हणजे दुसरी पहिलीत सरकते आणि टप्प्याटप्प्याने बारीक होणारी नळी तयार. हे १/४८ ला शोभतं. १/७२ ला नुसती २६ गेजची पुरे.

कापताना पक्कड वापरू नका, तोंड चपटं होतं. सुई सपाट लाकडावर ठेवून धारदार कानशीच्या कडेने फिरवत खाच पाडा, मग वाकवून तोडा. टोक घासून बोथट करा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा, तुकडा उडतो. नाकात ०.५ मिमी भोक पाडून ५ मिमी आत जाऊ द्या. नळी रंगकाम संपल्यावर सगळ्यात शेवटी बसवायची.

धंतोली_७२
पश्चिमेच्या घराबद्दल: कपाट खिडकीसमोरच्या भिंतीला नको, खिडकीच्याच भिंतीला लावा, म्हणजे ऊन थेट पडत नाही. उन्हाने वार्निश पिवळं पडतं आणि डिकलचे रंग उडतात. रेझिनचे बारीक भाग उष्णतेने वाकतात. रबरी किंवा मऊ विनाइलची टायरं पॉलिस्टायरीनच्या चाकाला खातात, मध्ये ॲक्रिलिक रंगाचा थर द्या किंवा टायरंच रेझिनची घ्या. मॉडेल कुठे नेताना दुपारी बंद गाडीत ठेवू नका.

डायकास्ट घेतलंत तर जुन्या मालात जस्ताची कीड बघा: बारीक भेगा, फुगलेली कडा, पंखाच्या मुळाशी उठलेला रंग. मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिल्याने आतून तो तडकतो, दमट उष्ण हवेत लवकर. त्यावर इलाज नाही. शेजारच्या मॉडेलला ती लागत नाही, एवढं खरं. खोक्यातला फोम वर्षानुवर्षं मॉडेलला टेकून ठेवू नका, चिकट होऊन रंग घेऊन सुटतो.

बर्डीकर
हॅरियर आणि जॅग्वारच्या कार्डावर काय यावं?

सोनेगाव_रनवे
सी हॅरियर: नौदलाने एकूण ३० घेतली, १९८३ पासून, निम्म्याहून अधिक अपघातांत गेली, मे २०१६ मध्ये गोव्याला निवृत्ती. रचनेतला धोका उघड आहे. स्थिर तरंगताना पंख काहीच उचलत नाहीत, सगळं वजन एका पेगॅसस इंजिनाच्या चार नोझलवर. त्या क्षणी बिघाड झाला तर निर्णयाला एक-दोन सेकंद. मॉडेलमध्ये चारही नोझल एकाच कोनात आहेत ना ते तपासा, किटमध्ये त्या सुट्या येतात आणि हमखास तिरक्या बसतात.

जॅग्वारचं कार्ड वेगळ्या कारणाने महत्त्वाचं. दोन इंजिनं म्हणजे सुरक्षित, ही समजूत तिथे टिकत नाही. १९७९ पासून सेवेत, काम जमिनीलगत उडण्याचं, अडूर इंजिनांना आपल्या उन्हाळ्यातल्या पातळ हवेत जोर कमी पडतो, नवी इंजिनं बसवायची योजना रद्द झाली. फ्रान्सने २००५ मध्ये आणि ब्रिटनने २००७ मध्ये जॅग्वार काढली, म्हणजे सुटे भाग मिळवणं आणखी कठीण. २०२५ मध्ये ७ मार्च, २ एप्रिल आणि ९ जुलैला तीन पडली. या तिन्हींना एकच कारण जोडू नका, प्रत्येकाची चौकशी वेगळी असते.

विमानवेडी
तेजसचं कार्ड "सुरक्षित विमान" म्हणून लावणार होतात ना? ४ जानेवारी २००१ च्या पहिल्या उड्डाणापासून १२ मार्च २०२४ पर्यंत एकही पडलं नव्हतं, म्हणून हे विशेषण रूढ झालं. त्या दिवशी जैसलमेरजवळ पहिलं पडलं, वैमानिक वाचला. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या एअर शोमध्ये दुसरं, त्यात वैमानिक गेला. आता उलट बाजूने कोणी त्यालाही बदनाम यादीत टाकेल.

सोनेगाव_रनवे
दोन्ही घाईचं. ताफा लहान, तास थोडे असताना एक अपघात इकडे-तिकडे झाला तरी दर दुप्पट होतो. तेजसच्या कार्डावर विशेषण नको. पहिल्या उड्डाणाची तारीख, दोन्ही अपघातांच्या तारखा, ठिकाणं, वैमानिकाचं काय झालं, आणि खाली कार्ड लिहिल्याचा महिना-साल. बाकीच्या चारही कार्डांवर तो महिना घाला. जॅग्वार आणि तेजस उडतायत, त्यांची कार्डं पेन्सिलने लिहा किंवा छापून स्लीव्हमध्ये ठेवा, बदलता आली पाहिजेत.

मेडिकल_चौक
कार्डाला ३०० जीएसएमचा मॅट कागद घ्या, ९ × ५.५ सेंमी. चकचकीत कागदावर कपाटातल्या एलईडीची तिरीप पडते आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. एलईडी पट्टी फळीच्या पुढच्या कडेला आतून लावा, ट्रान्सफॉर्मर कपाटाबाहेर.